कीर्तिवंतांची तसबीर: सभागृहाच्या भिंतीसाठी व्यक्तिचित्र कसं करावं

नाशिकमधल्या कुठल्याही जुन्या वाचनालयात, शाळेत, पतसंस्थेत किंवा तालमीत गेलं की संस्थापक, देणगीदार आणि मानकऱ्यांच्या तसबिरींची रांग दिसते. त्या रांगेत नवी तसबीर लावायची वेळ येते तेव्हा काम बहुधा शेवटच्या आठवड्यावर आलेलं असतं. सत्काराच्या दिवशीचा एखादा फोटो मोबाइलवरून मागवायचा, शेजारची माणसं कापायची, मागे निळा रंग भरायचा आणि फ्रेमवाल्याकडे द्यायचा. अशा तसबिरीत शाल दिसते, श्रीफळ दिसतं, पण माणूस कशामुळे मोठा झाला ते दिसत नाही. पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला नाव वाचूनही काही उमगणार नाही. हे टाळायला महागडं सामान लागत नाही. आधी थोडा विचार, दोन तासांची बैठक आणि छपाई-फ्रेमिंगची नीट माहिती एवढं पुरतं.

आधी खूण ठरवा

चित्रात मोठेपण दाखवण्याच्या खुणा मोजक्या आहेत आणि फार जुन्या आहेत. त्यांतल्या काही नाशिकच्या आसपासच सापडतात. १९०६ साली जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. १३ हजारांहून जास्त नाणी, आणि त्यांवर राजाचा एका बाजूने दिसणारा चेहरा. त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारले होते. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचा कमानींचा डोंगर उमटला. चेहरा ही सत्तेची खूण होती, म्हणूनच तो चेहरा झाकणं ही विजयाची खूण ठरली.

नाण्यावर चेहरा बाजूने का घेतात? कपाळ, नाक, हनुवटी यांची रेषा कमी उठावातही ओळखू येते, आणि समोरून कोरलेल्या चेहऱ्याचं नाक हाताळून सगळ्यात आधी झिजतं. मुघल आणि दख्खनी चित्रकारांनीही हाच बाजूचा चेहरा ठेवला. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली दख्खनी शैलीतली चित्रं त्याच पद्धतीची आहेत. बाजूने दिसणारा माणूस पाहणाऱ्याकडे बघत नाही, त्यामुळे चित्र अधिकृत आणि दूरचं वाटतं. स्मृतिपदक, लेटरहेड, गौरवग्रंथाचं मुखपृष्ठ यांना ते शोभतं. सभागृहाच्या भिंतीवर मात्र डोळे दिसायला हवेत. तिथे तीन चतुर्थांश वळलेला चेहरा घ्यावा, म्हणजे लांबचा कान जेमतेम दिसेल इतका.

पांडवलेण्यांतल्या ३ क्रमांकाच्या लेण्यात व्यक्तिचित्राचा आणखी एक प्रकार आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्राची, प्रशस्ती कोरून घेतली. पूर्ण चंद्रासारखा चेहरा, नागराजासारखे दंड, उत्तम हत्तीसारखी चाल, आणि ज्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्याली असा राजा. त्या यादीत शरीर आणि पराक्रम जवळजवळ बसवले आहेत. आमच्या मते व्यक्तिचित्राची तयारी इथूनच शिकावी. तुमच्या व्यक्तीबद्दल दहा ओळी लिहून काढा. त्यांतली ‘थोर’, ‘निःस्पृह’, ‘अजातशत्रू’ ही विशेषणं खोडा, कारण कॅमेऱ्याला ती दिसत नाहीत. उरलेल्या ओळींत डोळ्यांना दिसणारं काय आहे ते शोधा: खडूने पांढरी झालेली बोटं, तबल्याची शाई, द्राक्षाच्या विरळणीची कात्री, येवल्याच्या मागावरचा धोटा. त्यातली एकच वस्तू निवडा. दोन वस्तू ठेवल्या की नजर वाटली जाते, तीन ठेवल्या की दुकान मांडल्यासारखं होतं.

शाल, श्रीफळ, मानपत्र, ट्रॉफी या खुणा चुकीच्या नाहीत, पण त्या सगळ्यांना सारख्याच मिळतात. कवीला आणि कारखानदाराला एकच शाल पांघरली जाते. म्हणून त्या सत्काराच्या फोटोत असू द्याव्यात, भिंतीवरच्या चित्रात नकोत.

एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओंनी युरोपातल्या तैलचित्रांवरून खांब, पडदा, गोल टेबल आणि जाड पुस्तक उचललं. १८५४ साली पॅरिसमध्ये छायाचित्रकार दिस्देरीने छोट्या कार्डावरच्या फोटोचं पेटंट घेतलं आणि नामवंतांचे फोटो विकत घेऊन आल्बममध्ये लावायची चाल पडली. तेच खांब-पडदे घराघरांत पोहोचले. त्याच शहरात नादार या छायाचित्रकाराने मात्र सगळं काढून टाकलं. साधी पार्श्वभूमी, एका बाजूचा प्रकाश, गडद कपडे, बस्स. लेखक आणि नटांचे त्याचे फोटो आजही जिवंत वाटतात. घरात उत्तम वाडा, झोपाळा, पुस्तकांचं कपाट असलं तरी आधी नादारच्या पद्धतीने विचार करा आणि मग गरज पडली तर एक वस्तू आत आणा.

प्रभामंडळाबद्दल इथेच सांगतो. जहांगीराच्या काळात मुघल चित्रकारांनी युरोपीय धार्मिक चित्रांतलं तेजोवलय बादशहाच्या डोक्यामागे आणलं. पुढे राजा रविवर्मांच्या छापखान्यातल्या रंगीत चित्रांनी देवदेवतांना घरोघरी नेलं. (त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफीत आणि याच छापखान्यात काम करून आले होते.) मराठी डोळ्याला डोक्यामागचा गोल उजेड लगेच देवाच्या चित्राची आठवण करून देतो. पार्श्वभूमीवर हलका उजेड द्यावा, त्याने केस मागच्या अंधारात बुडत नाहीत. पण तो खांद्यांच्या रुंदीपेक्षा मोठा पसरलेला, कडा विरघळलेल्या आणि चेहऱ्याच्या उजेडाहून किमान एक स्टॉप (म्हणजे निम्म्याने) कमी हवा. कडा ठळक झाली की कॅलेंडर तयार होतं.

जागा आणि प्रकाश

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चांगला प्रकाश म्हणजे ऊन थेट न येणारी मोठी खिडकी. व्यक्तीला खिडकीपासून एक ते दीड मीटरवर बसवा. खिडकी चेहऱ्याच्या बाजूला आणि थोडी पुढे, साधारण ४५ अंशांवर हवी. अंधाऱ्या बाजूला दोन बाय तीन फुटांचा पांढरा फोम बोर्ड किंवा इस्त्री केलेली पांढरी चादर एक मीटरवर धरा. बोर्ड जवळ आणला की चेहरा सपाट आणि प्रसन्न दिसतो, लांब नेला की गंभीर दिसतो. वयस्कर माणसांच्या सुरकुत्या घालवायच्या नसतात, पण प्रकाश अगदी बाजूने आला तर त्या खोदल्यासारख्या दिसतात. खिडकी थोडी पुढे घेतली की त्या आपोआप मवाळ होतात आणि नंतर रीटचिंगला हात लावावा लागत नाही.

जुन्या नाशकातल्या वाड्यात फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. तिथली अडचण अशी की चौकातला उजेड थेट वरून येतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाखाली सावली येते आणि टक्कल चमकतं. व्यक्तीला चौकात न बसवता ओसरीच्या आत एक-दीड मीटर सरकवा आणि तोंड चौकाकडे करा. वरचा प्रकाश छपराने अडतो आणि उरलेला समोरून येतो. फरशी काळी असेल तर गुडघ्यांजवळ पांढरं धोतर अंथरा. खालून डोळ्यांत उजेड जातो.

गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, फोटो हवा असेल तर दिशेचा हिशोब करा. पंचवटी पूर्वेला असल्यामुळे सकाळी त्या बाजूची देवळं मागे घेतली की सूर्य कॅमेऱ्यात येतो आणि चेहरा काळा पडतो. देवळं मागे हवी असतील तर संध्याकाळ निवडा. पावसाळ्यातले ढगाळ दिवस चेहऱ्याला फार चांगले असतात, मात्र उजेड निळसर येतो. व्हाइट बॅलन्स ६५०० ते ७००० केल्विनला ठेवा.

मागावर बसलेल्या विणकराचा फोटो काढताना मागावरचा बल्ब बंद करून घ्या. खिडकीचा निळा आणि बल्बचा पिवळा उजेड एका चेहऱ्यावर आले तर ते नंतर वेगळे करता येत नाहीत.

कॅमेरा

नाक मोठं आणि कान लहान दिसण्याचा दोष लेन्सला देतात, पण तो अंतराचा असतो. कॅमेरा ६०-७० सेंटिमीटरवर आला की नाक कानांपेक्षा प्रमाणाबाहेर जवळ येतं. दोन ते अडीच मीटर लांब राहा आणि त्या अंतरावरून चौकट भरेल अशी लेन्स लावा: फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८५ ते १०५, क्रॉप सेन्सरवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० ते ६० मिलिमीटर. मोबाइल असेल तर दुप्पट किंवा तिप्पट झूमची स्वतंत्र लेन्स वापरा आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो मोड चष्म्याच्या काड्या आणि फेट्याचा तुरा खातो.

खिडकीच्या उजेडात अपर्चर एफ ४ ते एफ ५.६, शटर १/१२५, आयएसओ ४०० ते ८०० इथून सुरुवात करा. फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर. एफ १.८ वर जवळचा डोळा धारदार आणि लांबचा धूसर येतो. मोबाइलच्या पडद्यावर ते खपतं, वीस इंचांच्या छापीत खुपतं.

कॅमेऱ्याची उंची हीसुद्धा कीर्तीची खूण आहे. पुतळ्याकडे आपण खालून बघतो, म्हणून खालून काढलेला फोटो आपोआप भव्य वाटतो. छातीपर्यंतच्या चित्रात कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत ठेवा, आणि थोडा रुबाब हवा असेल तर दहा सेंटिमीटर खाली घ्या. त्याहून खाली गेलात तर नाकपुड्या आणि गळ्याची कातडी दिसते. कमरेपर्यंतच्या चित्राला छातीची उंची, पूर्ण उभ्या चित्राला कमरेची उंची ठीक. खुर्ची नेहमी हातांची आणि सरळ पाठीची घ्या. सोफ्यात माणूस बुडतो, खांदे वर येतात आणि मान नाहीशी होते.

चेहरा, हात, कपडे

पहिली वीस मिनिटं काढलेल्या फोटोंत लोक फोटोसाठी बसलेले असतात. ते फोटो काढायचे, पण निवडायचे नाहीत. त्या वेळात उजेड आणि फोकस तपासून घ्या. नंतर त्यांच्या कामातला नेमका प्रश्न विचारा: तबल्यावरचा कायदा कसा बसवता, द्राक्षाच्या छाटणीचा दिवस कशावरून ठरवता. उत्तर सुरू होण्याआधीच्या एक-दोन सेकंदांत तोंड मिटलेलं असतं आणि डोळे कामात असतात. शटर तेव्हा दाबा. बोलत असताना काढलेल्या फोटोत तोंड वेडंवाकडं येतं. ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावात छायाचित्रकार यूसुफ कार्शने चर्चिलच्या तोंडातली सिगार काढून घेतली आणि त्या क्षणीचा त्रासिक चेहरा जगभर गेला. तसं धाडस करायची गरज नाही, पण त्यातून एक गोष्ट घ्यावी: माणसाची सवयीची ढाल बाजूला झाली की चेहरा दिसतो. पेन, मोबाइल, जपमाळ, काठी यांतलं जे हातात सतत फिरतं ते दोन मिनिटं बाजूला ठेवायला सांगून बघा. काठी मात्र आधाराची असेल तर हातातच राहू द्या.

हात कापू नका. मनगटावर किंवा बोटांच्या मधोमध चौकट आली की हात तुटलेला वाटतो. कोपराच्या वर कापा नाहीतर पूर्ण घ्या. कारागिराच्या बाबतीत हात चेहऱ्याइतकेच महत्त्वाचे आहेत, त्यांच्यावर उजेड पडलाय ना ते तपासा.

पांढरा सदरा आणि टोपी असली की कॅमेरा गोंधळतो. चौकटीत पांढरं जास्त असेल तर तो सगळंच काळवंडवतो, तेव्हा एक्स्पोजर +०.३ ते +०.७ वाढवा. पार्श्वभूमी गडद असेल तर उलट होतं, टोपी जळते, म्हणजे नुसती पांढरी पडते. तेव्हा कमी करा. दोन्ही वेळा टोपीच्या घड्या दिसतात का, हीच कसोटी. फेटा कपाळावर सावली टाकतो, म्हणून लाइट नेहमीपेक्षा हातभर खाली घ्या आणि तुऱ्यासाठी वर जास्त जागा सोडा. पैठणीच्या जरीवर समोरून फ्लॅश मारला की पांढरे ठिपके उठतात आणि मोराचे रंग जातात; प्रकाश बाजूने आणि मोठ्या पृष्ठभागातून आला तर जर सोन्यासारखी दिसते. चष्म्यातली चमक घालवायला काड्या कानांवर सेंटिमीटरभर वर उचला, काचा किंचित खाली झुकतात. काचा काढून टाकायला सांगू नका. जन्मभर चष्मा लावणारा माणूस चष्म्याविना अनोळखी दिसतो.

व्यासपीठावरचा सत्कार

कालिदास कलामंदिरासारख्या सभागृहात सत्कार असेल तर मध्यभागी उभं राहून फायदा नसतो, माइक बरोबर तोंडासमोर येतो. ३० ते ४५ अंश बाजूला जा, पाहुण्याच्या विरुद्ध बाजूला, नाहीतर शाल घालणाऱ्याची पाठच मिळते. शटर १/२०० च्या आसपास, अपर्चर एफ ४ ते ५.६, आयएसओ १६०० ते ३२००. मागे एलईडी पडदा असेल आणि फोटोत आडवे पट्टे येत असतील तर शटर १/१०० किंवा १/५० ला आणा.

सगळे कॅमेऱ्याकडे बघतात तो क्षण वर्तमानपत्रासाठी असतो, तो घ्याच. पण थांबा. दोन-तीन सेकंदांनी सत्कारमूर्ती हातातल्या मानपत्राकडे किंवा पहिल्या रांगेतल्या घरच्यांकडे बघतात. गौरवग्रंथाच्या आतल्या पानाला तो फोटो लागतो, आणि तोपर्यंत बहुतेक कॅमेरे खाली गेलेले असतात.

फ्लेक्स

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ साली मेरिलिन मन्रोचा एकच प्रसिद्धी-फोटो रंग बदलून पुन्हापुन्हा छापला आणि कीर्ती पुनरावृत्तीतून कशी घडते ते दाखवलं. आपल्या चौकांतले फ्लेक्स त्याच ताकदीवर चालतात. १० बाय ८ फुटांच्या फ्लेक्सला ५० पीपीआय (दर इंचाला ५० पिक्सेल) पुरतात, म्हणजे ६००० बाय ४८०० पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला सुमारे १६०० पिक्सेलचा उरतो, त्यामुळे चेहऱ्याचे चौकोन दिसतात. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या. वर्धापनदिनाच्या फ्लेक्सवर हयात माणसाचा कृष्णधवल फोटो टाकू नका. रस्त्यावरून जाणारा तो श्रद्धांजलीचा समजतो.

माणूस हयात नसेल तर

बहुतेक वेळा हाती येतो तो ओळखपत्राचा फोटो किंवा संमेलनाच्या गटातला नखाएवढा चेहरा. अडीच बाय साडेतीन इंचांचा फोटो १२०० पीपीआयने स्कॅन केला तर ३००० बाय ४२०० पिक्सेल मिळतात, म्हणजे १० बाय १४ इंचांची छापी नीट येते. गटातला एक सेंटिमीटरचा चेहरा २४०० पीपीआयला जेमतेम ९४५ पिक्सेल देतो. तो सहा इंचांहून मोठा करू नये. मोठ्या भिंतीवर लहान, खरा फोटो रुंद पांढऱ्या माउंटमध्ये (फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत) लावला तर उलट अधिक शोभतो.

चेहरा आपोआप स्पष्ट करून देणाऱ्या अ‍ॅपपासून लांब राहा, हे कळकळीने सांगतो. ती साधनं नसलेले तपशील भरतात. दात नवे येतात, डोळ्यांचा आकार बदलतो, आणि घरच्यांना लगेच कळतं की हे आपले अण्णा नाहीत. तोच चेहरा पुढे स्मरणिकेत, पुतळ्याच्या मातीकामात आणि शालेय पुस्तिकेत जातो. ओरखडे आणि डाग काढा, तिथेच थांबा.

जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. पावसाळ्यातल्या दमटपणाने फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो आणि ओढल्यावर चेहऱ्यासकट सुटतो. काचेसकट फोटो सपाट ठेवा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर एकसारखे दिवे लावा, खोली अंधारी करा आणि वरून कॅमेऱ्याने उतरवून घ्या.

छापणं, मढवणं, लावणं

२४ मेगापिक्सेलची फाइल १६ बाय २४ इंचांना २५० पीपीआय देते. सभागृहाला ते भरपूर आहे. मॅट कागद घ्या, चकचकीत कागदात समोरची ट्यूबलाइटच दिसते. फ्रेमवाल्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: माउंट बोर्ड आम्लरहित हवा, काच आणि फोटो यांत तीन मिलिमीटर तरी पोकळी हवी, आणि मागचा हार्डबोर्ड थेट फोटोला टेकता कामा नये. या तिन्हींपैकी एक जरी चुकलं तरी चार-पाच पावसाळ्यांत पिवळे डाग किंवा बुरशी येते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे पाच-सहा मिलिमीटरचे कॉर्कचे तुकडे चिकटवा, भिंतीची ओल फ्रेमला लागत नाही.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा. दाराच्या वरच लावायचं असेल तर वरची कड पुढे झुकवा, पाच ते दहा अंश. हार फक्त दिवंगतांच्या तसबिरीला, आणि त्याचे हूक फ्रेमच्या बाहेरच्या कडांना. आतल्या बाजूला लावले की हार हनुवटीवर येतो आणि ओल्या फुलांचं पाणी काचेमागे उतरतं. गंध काचेवर लावायचं असेल तर कडेपासून लांब लावा.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा कोरल्या होत्या. प्रतिमा गेल्या, पण वर कोरलेली सिमुक, नागनिका, सातकर्णी ही नावं आजही वाचता येतात. तसबिरीखालची पट्टी म्हणूनच फोटोइतक्या काळजीने करा: पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षं, एका ओळीत काम, फोटोचं वर्ष आणि छायाचित्रकाराचं नाव. अक्षरं सहा ते आठ मिलिमीटर उंच असली की दीड मीटरवरून वाचता येतात. ‘समाजभूषण’, ‘शिक्षणमहर्षी’ या पदव्यांपेक्षा ‘१९६२ ते १९८९ मुख्याध्यापक’ असं लिहिलेलं जास्त सांगून जातं. हीच माहिती फ्रेमच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, कारण रंगकामाच्या वेळी पट्ट्या आणि तसबिरींची अदलाबदल होते.

मोबदला देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा स्वामित्वहक्क वेगळा करार नसेल तर काम सांगणाऱ्याकडे जातो, आणि छायाचित्राचा हक्क २०१२ सालच्या कायदादुरुस्तीपासून छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. फोटो कुठे कुठे वापरायचा, स्मरणिका, फ्लेक्स, संकेतस्थळ, ते आधीच कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. मूळ फाइलची एक प्रत संस्थेत, एक कुटुंबाकडे आणि एक छायाचित्रकाराकडे ठेवा. फाइलच्या नावात व्यक्तीचं नाव आणि तारीख घाला.